कव्हर नवं, मजकूर कुठला?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत इंग्लंडमधल्या जुन्या डायऱ्या आणि आठवणी आता नव्यानं छापून स्वस्तात मिळायला लागल्यात याचं कौतुक आलंय, ते वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय. मिळतात हे खरंच, पण हातात नक्की काय पडतं तेही कोणीतरी सांगा की.

मी दिवाळीत सॅम्युअल पीप्सची डायरी ऑनलाइन मागवली, कव्हर एकदम चकाचक, वर ठळक अक्षरात 'संपूर्ण'. पीप्स म्हणजे लंडनच्या आरमार खात्यातला अधिकारी, १ जानेवारी १६६० पासून लिहायला लागला आणि डोळे जातील या भीतीनं ३१ मे १६६९ ला थांबला. माणूस भारी आहे हो, १६६६ ला अख्खं लंडन जळतंय आणि हा ४ सप्टेंबरला खड्डा खणून त्यात वाइन आणि स्वतःचं पार्मेझान चीज पुरून ठेवतोय! मी एकटाच हसत बसलो तर बायको बघायला आली काय झालं म्हणून.

पण २५ ऑक्टोबर १६६८ ला आलो, जिथं घरात कामाला ठेवलेल्या पोरीबरोबर बायको त्याला रंगेहाथ पकडते, आणि ऐन वाक्यात नुसती टिंबं. मला वाटलं छपाईत गळलं. विक्रेत्याला मेल केला तर उत्तर आलं, पानं पूर्ण आहेत, मोजून घ्या. मग शोधाशोध केल्यावर कळलं की हा मजकूर १८९३ पासून निघालेल्या व्हीटलीच्या आवृत्तीतला, त्यानं छापण्याजोगं नाही वाटलं तिथं टिंबं दिली. बिचाऱ्यानं टिंबं तरी दिली, १८२५ ला ब्रेब्रुकनं पहिल्यांदा छापली तेव्हा अर्ध्याहून जास्त डायरी उडवलेली. खरी संपूर्ण आवृत्ती लेथम आणि मॅथ्यूज यांची, ११ खंड, १९७० ते १९८३, पण ती कॉपीराइटमध्ये, म्हणून जो तो फुकटातली जुनी उचलतो आणि वर 'संपूर्ण' छापतो.

यात वाईट वाटतं ते ही डायरी छापण्याआधी पहिल्यांदा उलगडणाऱ्या जॉन स्मिथचं. पीप्सनं सगळं शेल्टनच्या शॉर्टहँडमध्ये लिहिलेलं, आपल्या मोडीपेक्षा अवघड प्रकार, आणि हा गडी १८१९ पासून तीन वर्षं डोकं फोडून ते लावत बसला, तर त्या शॉर्टहँडची रीत सांगणारं शेल्टनचं पुस्तक केंब्रिजला जिथं डायरी ठेवलेली त्याच लायब्ररीत, पीप्सच्याच पुस्तकांत पडून होतं!

लडलोची गोष्ट तर याहून वाईट. इंग्लंडचा राजा पहिला चार्ल्स याच्या मृत्युदंडाच्या हुकमावर सही करणारा हा माणूस, पुढं स्वित्झर्लंडला पळाला. त्याच्या आठवणी तो गेल्यावर १६९८-९९ ला आल्या आणि पावणेतीनशे वर्षं लोकांनी त्या त्याच्याच म्हणून वाचल्या, मग १९७० ला हस्तलिखिताचा एक भाग सापडला तेव्हा कळलं की संपादकानं त्याचा धार्मिक आवेश खरवडून काढून भाषाच बदललीय. आणि आजही तोच जुना मजकूर स्कॅन करून विकतात, जुन्या छपाईतला लांब 'एस' मशीनला 'एफ' वाटतो त्यामुळे दर ओळीत भलतेच शब्द.

आपल्याला तर टिपांचीही गरज असते. १५ मे १६६३ ला पीप्स चिडून लिहितो की पोर्तुगीजांनी मुंबई बेटाच्या बाबतीत आपल्याला फसवलं, त्यांचा गव्हर्नर इंग्लंडच्या राजानं पाठवलेल्या शिपमनला ताबाच देत नाही. माझ्या कॉपीत खाली एक टीप नाही. हा शिपमन वाट बघत बघत १६६४ ला कारवारजवळच्या अंजदीव बेटावर वारला आणि ताबा १६६५ ला त्याचा सेक्रेटरी कुक यानं घेतला, हे मुंबईच्या वाचकाला कळायला नको?

तेव्हा पुरवणीत अशा पुस्तकाची ओळख देताना किमतीशेजारी मूळ संपादकाचं नाव आणि आवृत्तीचं साल छापाल का? एका ओळीचं तर काम आहे.

आपला,
एक जुना वाचक, ठाणे