दादाचा पंखा

लोकमान्य नगर, इंदूर
9 जुलै

प्रिय विन्या,

तुझं पत्र पोचलं. दादाचे हातपाय मोटर न्यूरॉनच्या आजारानं आधीच गेले होते, गेल्या वर्षी वाचाही गेली. डोळे तेवढे फिरतात, आणि डोकं पहिल्यासारखंच तल्लख. पंख्यावरून त्याचं नि वहिनीचं कसं वाजायचं, आठवतं? आता गार वाटलं तर तो नुसता तिच्याकडे बघत राहतो. तिचं लक्ष गेलं तर ठीक, नाहीतर कुडकुडत पडतो.

आमची सानिका इंजिनिअरिंगला आहे ना, तिनं प्रोजेक्टला दादाचा पंखाच धरला. स्क्रीनवर चार चौकोन लुकलुकतात. पंख्याचा सेकंदाला 8 वेळा, दिव्याचा 10, टीव्हीचा 12, घंटीचा 15. ज्याच्याकडे टक लावावी, त्याच ठेक्यात डोक्याच्या मागच्या भागात लहरी उठतात, कारण पाहण्याचं काम मेंदू तिथे करतो. दादाच्या डोक्यावरच्या टोपीतले इलेक्ट्रोड त्या टिपतात, लॅपटॉप ठेका ओळखतो आणि रिले, म्हणजे विजेनं चालणारं बटण, खट्‌कन पंखा बंद करतो. मनातलं काही वाचत नाही हं! शेजारचे काका उगाच बिचकले होते.

माणसाच्या मेंदूतल्या या लहरी हान्स बर्गर नावाच्या जर्मन डॉक्टरनं 1924 मध्येच टिपल्या होत्या. पण त्या असतात व्होल्टच्या काही दशलक्षांश भागाएवढ्या, आणि घरातल्या वायरिंगची 50 हर्ट्‌झची घरघर त्यांच्यावर स्वार. पहिले चार दिवस पंख्याकडे पाहिलं की टीव्ही लागायचा. दादानं पापणी लववली की आलेख टुणकन उडायचा. अशा लुकलुकत्या उजेडानं कुणाकुणाला फिट येते, म्हणून आधी डॉक्टरांना विचारून घेतलं होतं. वीस मिनिटांत त्याचे डोळे दमतात ते वेगळंच. आणि रात्री टोपी घालून कोण झोपणार? म्हणजे खरी नड पहाटे तीनला, तेव्हा हे काही कामाचं नाही. सानिकाला मी तसं तोंडावर सांगितलं, तर बाई दोन दिवस बोलल्या नाहीत.

परवा दुपारी वहिनी पोळ्या करून घाम पुसत बाहेर आली, तर पंखा बंद. तिला वाटलं, लाइट गेली. तिनं बटण दाबलं. (जिन्यातल्या दिव्यासारखं दोन्हीकडून चालतं ते.) दहा सेकंदांत पंखा पुन्हा बंद. तिनं पुन्हा लावला, पुन्हा खट्‌!

"अहो, जीव चाललाय माझा उकाड्यानं!"

दादा आपला स्क्रीनकडे टक लावून. सानिका मध्ये पडायला निघाली होती, मी तिचा हात धरून तिला स्वयंपाकघरात नेलं.

तुझा,
बाळ्या