फायनल चार ओळींत उरकू नका

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मी भुसावळला पेपर विकतो, बावीस वर्षं झाली. स्टॉल पण आहे आणि सकाळची घरोघरची लाइन पण आहे. तुमचा पेपर छापून निघाला की तो उघडणाऱ्या पहिल्या माणसांत मी असतो, म्हणून हे पत्र लिहायचा मला हक्क आहे असं समजून लिहितोय. विषय फुटबॉलचा आहे आणि थोडा जुना आहे, पण मनातून जात नाही, आणि आता तो पुढच्या वर्षाच्या कामाचा पण आहे.

३१ मे २०२५ ला म्युनिकमध्ये चॅम्पियन्स लीगची, म्हणजे युरोपातल्या क्लबांच्या सगळ्यात मोठ्या स्पर्धेची, फायनल झाली, पॅरिस सेंट जर्मेन म्हणजे पीएसजी विरुद्ध इंटर मिलान. आपल्याकडे ती सुरू झाली रात्री साडेबाराला, म्हणजे तारीख १ जून लागून गेली होती. मेअखेरीला आमच्याकडे रात्री पण भिंती तापलेल्या असतात, अख्खी गल्ली गच्चीवर झोपते. मी मोबाईल माठाला टेकवून लावला, बाजूला भाचा बसला. मला तीनला उठायचंच असतं त्यामुळे झोपायचा प्रश्नच नव्हता. बाराव्या मिनिटाला पहिला गोल, विसाव्याला दुसरा, नंतर ६३, ७३ आणि ८६, आणि मॅच ५-० नी संपली. १९५६ पासून ही फायनल होतेय, पाच गोलच्या फरकाने ती आजवर कोणी जिंकलेली नव्हती. शेवटच्या गोलला भाचा एवढ्या जोरात ओरडला की शेजारच्या गच्चीवरच्या आजी उठून बसल्या, त्यांना वाटलं चोर आला.

जळगावची गाडी आली सव्वाचारला. रविवार म्हणजे पुरवण्या भरायचं काम, खाली ताडपत्री टाकून बसावं लागतं. तेवढ्यात सहा-सात पोरं आली. ही पोरं रोज रेल्वेच्या मैदानावर प्रॅक्टिसला जातात, बुटांच्या लेस एकमेकांना बांधून बूट गळ्यात अडकवलेले असतात, येता-जाता माझ्याकडे थांबून शेवटचं पान वाचतात, विकत घेत नाहीत आणि मी पण कधी हटकत नाही. त्यातल्या निम्म्यांनी मॅच पाहिलीच नव्हती. कोणाचा डेटा संपला, कोणाच्या घरी एकच मोबाईल आणि तो घेऊन बाप नाइट ड्युटीला. "नाना, आलं का?" म्हणे. मी पान उलटून दाखवलं, "आज फायनल" एवढंच होतं. यात तुमची चूक नाही हे मला माहिती आहे. मॅच अडीचच्या सुमाराला संपली, आमच्या गठ्ठ्यांची छपाई त्याच्या आधीच झालेली असते. मी पोरांना तसं समजावलं, म्हटलं उद्या सोमवारी सगळं येईल, निवांत वाचा.

मग पुरवण्या भरता भरता मीच सांगत बसलो आणि पोरं पण बसून भरू लागली. पहिला गोल मी ताडपत्रीवर रबर मांडून दाखवला. हे इंटरचे डिफेंडर एका रांगेत, हा डिमार्को तेवढा मागे राहिलेला, म्हणून पीएसजीचा दुए शेवटच्या डिफेंडरच्या पुढे धरला गेला नाही, ऑफसाइड नाही, त्यांच्या वितिन्याने या फटीतून बॉल आत सरकवला, दुए तिथे एकटा, समोर गोल आणि वय १९. त्या वयाचा कोणीही पोरगा मारूनच बसला असता. त्याने मारला नाही, सरळ आडवा दिला, आणि हकिमी पळत आला त्याने नुसता पाय लावला. डावीकडे खेळणारं एक पोरगं आहे आमच्यात, ते कितीतरी वेळ त्या रबरांकडे बघत होतं, मग त्याने डिमार्कोचं रबर उचलून रांगेत आणून ठेवलं, म्हणे "नाना, हा इथं असता तर गोलच नव्हता भो." आठवीतलं पोरगं आहे, संपादक साहेब.

सोमवारी तीच पोरं परत आली आणि यावेळी त्या आठवीतल्या पोराने सुट्टे मोजून पेपर विकत घेतला. खेळाच्या पानावर आयपीएल होतं, ते असणारच, प्लेऑफ चालू होते, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. फुटबॉल खाली कोपऱ्यात चार ओळी. पीएसजी विजेता, इंटरवर ५-० ने मात, बस्स. देश-विदेशच्या पानावर मात पॅरिसमधल्या जाळपोळीची तीन कॉलमची बातमी, जळत्या गाडीच्या फोटोसकट. ती बातमी द्यायलाच हवी होती, माणसं गेली तिथे. पण ज्या मॅचमुळे लाखो लोक रस्त्यावर आले ती मॅच कशी झाली ते वाचकाला कुठेच सापडत नाही, हे कसं काय? पोराने सगळं शोधलं, पेपर नीट घडी घालून काखेत धरला आणि मला विचारलं, "नाना, दुएचं नाव कुठंय?" नव्हतं. गोल मारणाऱ्या एकाचंही नाव नव्हतं. आदल्या दिवशी मीच सांगितलेलं ना, उद्या सगळं येईल म्हणून.

आता तुम्ही म्हणाल आमच्या वाचकाला पॅरिस आणि मिलानचं काय. साहेब, त्या एका मॅचमध्ये किती माणसं होती ते बघा. अश्रफ हकिमी, पहिला गोल मारणारा, माद्रिदमध्ये जन्मला, आईवडील मोरोक्कोचे, आई लोकांच्या घरी साफसफाई करायची आणि वडील रस्त्यावर माल विकायचे, हे त्याने स्वतः सांगितलेलं आहे. आमच्या स्टेशन रोडला हातगाडी लावणाऱ्या माणसाने हे वाचलं तर तो ते कापून ठेवेल की नाही सांगा, मी तर ठेवलं असतं. आणि गोल मारल्यावर तो नाचला नाही, इंटरच्या प्रेक्षकांकडे बघून हात वर केले, माफी मागितल्यासारखे, कारण आधी एक वर्ष तो त्यांच्याकडून खेळलेला आणि त्यांना इटलीची लीग जिंकून दिलेली. खाल्ल्या मिठाला जागणं म्हणतो ना आपण, ते ह्या पोराने फायनलमध्ये करून दाखवलं.

देझिरे दुएने दोन गोल मारले आणि एका गोलचा पास दिला. ३ जूनला त्याला वीस पूर्ण होणार होती, म्हणजे वाढदिवसाच्या तीन दिवस आधी. सेनी मायुलू, तो पण १९ चा, क्लबच्याच ॲकॅडमीतून वर आलेला, ८४ व्या मिनिटाला आत आला आणि ८६ व्याला पाचवा गोल मारला. क्वारात्सखेलिया जॉर्जियाचा, जानेवारीतच नापोलीहून आलेला, चौथा गोल त्याचा. डेम्बेलेने एकही मारला नाही पण दुसरा, तिसरा आणि चौथा, तिन्ही गोलमध्ये त्याचा पाय होता, आणि समोरच्या गोलकीपरच्या पायात बॉल असला की हा वाघासारखा दबा धरून त्याच्यासमोर. आमच्या इथे पोरांना हेच पटत नाही, फॉरवर्डने पण बॉल हिसकवायला पळायचं असतं हे. कोचने शंभरदा सांगण्यापेक्षा हे एकदा छापून आलं असतं तर पटकन डोक्यात गेलं असतं.

आणि क्लबची गोष्ट तर अजूनच मोठी. १९७० चा क्लब, मेस्सी, नेमार, एम्बाप्पे तिघं एकाच वेळी त्यांच्याकडे होते तेव्हा हा कप मिळाला नाही. २०२० ला फायनलला गेले आणि बायर्नकडून १-० ने हरले. एक एक करत तिघंही गेले, शेवटी २०२४ ला एम्बाप्पे रेआल माद्रिदला, तेव्हा सगळे म्हणाले संपलं आता. जानेवारीत मँचेस्टर सिटीविरुद्ध ०-२ ने मागे होते, तिथून ४-२ ने जिंकले, साखळीत ३६ टीममध्ये पंधरावे आले, आणि मग लिव्हरपूलला त्यांच्याच मैदानावर पेनल्टीवर, पुढे ॲस्टन व्हिला, आर्सेनल असं करत करत म्युनिक. मार्किन्योस २०१३ पासून तिथे आहे, हे सगळे आले आणि गेले, तो राहिला, आणि कप त्यानेच उचलला.

लुइस एन्रिके त्यांचा कोच. २०१५ ला तो बार्सिलोनाचा कोच म्हणून हाच कप बर्लिनमध्ये जिंकला तेव्हा त्याची लहान मुलगी झाना मैदानात आली होती, बापलेकीने मिळून मैदानात क्लबचा झेंडा रोवला होता. २०१९ ला ती गेली, नऊ वर्षांची, हाडांचा कॅन्सर. म्युनिकला मॅच संपल्यावर पीएसजीच्या लोकांनी स्टँडवर एवढा मोठा पडदा सोडला, त्यावर चित्र होतं, बाप आणि लेक झेंडा रोवताना, झेंडा यावेळी पीएसजीचा. मी गच्चीवर एकटा जागा होतो, भाचा ओरडून ओरडून झोपून गेला होता, आणि मला रडू आलं हे लिहायला मला काही वाटत नाही. माझ्या लाइनवर एक घर आहे, त्यांची पण मुलगी अशीच गेली, तिच्या वडिलांना मी सोमवारी पेपर देताना ही गोष्ट तोंडाने सांगितली. ते पायरीवर बसले, पेपर मांडीवर, म्हणाले "छापलंय का यात?" मी काय सांगणार.

हरलेल्यांचं पण कोणी लिहीत नाही. इंटरचा अचेर्बी, वय ३७, कॅन्सरमधून दोनदा उठून आलेला माणूस, सेमीफायनलला बार्सिलोनाविरुद्ध ९३ व्या मिनिटाला त्यानेच गोल मारला म्हणून इंटर वाचली, दोन्ही मॅच मिळून ७-६ अशी ती लढत झाली. त्याच माणसाला महिन्याभरात पाच गोल बघत उभं राहावं लागलं.

नावांचं पण एक सांगतो. सप्टेंबर २०२५ मध्ये डेम्बेलेला बॅलन डी'ओर, म्हणजे जगातल्या सर्वोत्तम फुटबॉलपटूचं बक्षीस, मिळालं तेव्हा तुम्ही फोटो छापला, त्याबद्दल खरंच बरं वाटलं, पण मथळ्यात एक नाव, बातमीत दुसरं आणि फोटोखाली तिसरं. पोरं पेपरमध्ये छापलेलं खरं मानतात, मैदानात तेच नाव घेतात. एखाद्या आडगावच्या सरपंचाचं नाव चुकलं तर दुसऱ्या दिवशी माझ्या स्टॉलवर माणसं भांडायला येतात, डेम्बेलेसाठी कोण येणार, म्हणून मीच आलो असं समजा.

कोल्हापूरला माझा साडू आहे. तिथे शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहारची मॅच असली की दुसऱ्या दिवशी पेपरमध्ये कोण कुठून पळाला, कोणाचा पास, कोणाची पेनल्टी हुकली सगळं येतं, फोटो येतात. तिथली पोरं ते वाचून मोठी होतात. आमच्या गावात फुटबॉल रेल्वेबरोबर आला असं जुनी माणसं सांगतात, मैदानं आहेत, पोरं आहेत, उन्हाळ्यात पहाटे साडेपाचलाच खेळून घेतात कारण आठनंतर जमिनीवर पाय ठेववत नाही. वाचायला मात्र त्यांना काही नाही.

आता कामाचं. यंदाच्या हंगामाची फायनल ३० मे २०२६ ला आहे, शनिवारी, हंगेरीत बुडापेस्टला. आणि यावेळी वेळ बदललीय, तिकडे संध्याकाळी सहाला सुरू, म्हणजे आपल्याकडे रात्री साडेनऊ. साडेअकराच्या आसपास संपेल, एक्स्ट्रा टाइम आणि पेनल्टी गेली तर सव्वाबारा धरा. आयपीएलची रात्रीची मॅच पण साडेअकरालाच संपते आणि ती सकाळी माझ्या गठ्ठ्यात असते, स्कोअरकार्डसकट. मग ही पण बसवता येईल. खेळाडूंची माहिती आधीच लिहून ठेवता येईल, दोन्ही टीम तर तीनेक आठवडे आधीच कळलेल्या असतात, रात्री फक्त गोल आणि निकाल टाकायचा. पूर्ण पान नको, अर्धं द्या. कोणी मारला, कसा मारला, कुठून आलेला पोरगा आहे, नाव सगळीकडे एकच. एक छोटं चित्र, कोण कुठे उभा होता, तेवढं जमलं तर फारच चांगलं, त्या डावीकडच्या पोरासाठी सांगतोय.

३१ मे ला रविवार आहे. रविवारी मी नेहमी घेतो त्यापेक्षा चाळीस कॉपी जास्त घेईन, आणि उरल्या तर परत पाठवणार नाही, त्याचे पैसे मी भरीन. तुमच्याकडून हो असेल तर मेच्या पंधरा तारखेपर्यंत एजंटकडे निरोप द्या, म्हणजे मला तशी ऑर्डर टाकता येईल आणि पोरांना सांगता येईल.

आपला,
एक पेपर विक्रेता, भुसावळ