बालेवाडीतून गेलेल्या संघाबद्दल क्रीडामंत्र्यांना खुलं पत्र

प्रति,
माननीय क्रीडा व युवक कल्याण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय: शहराला न विचारता शहराचा संघ उचलून नेण्याबाबत.

महोदय,

सविनय नमस्कार. ऑक्टोबर २०२५ मध्ये बातमी आली की हैदराबाद एफसी हा इंडियन सुपर लीगमधला फुटबॉल संघ दिल्लीला गेला आणि त्याचं नाव स्पोर्टिंग क्लब दिल्ली झालं. हैदराबाद-दिल्लीचं प्रकरण महाराष्ट्राच्या मंत्र्यांपुढे का मांडतोय, असा प्रश्न आपल्याला पडेल. मांडतोय, कारण लीगमधली ही जागा आधी पुण्याची होती. २०१४ पासून २०१९ पर्यंत तिथे एफसी पुणे सिटी खेळत होता, आणि खेळत होता तो आपल्या अखत्यारीतल्या बालेवाडीच्या श्री शिवछत्रपती क्रीडा संकुलात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पुण्याचा संघ संपला, त्याची जागा हैदराबादच्या नव्या मालकांकडे गेली. प्रशिक्षक फिल ब्राउन, खेळाडू मार्सेलिन्यो, आदिल खान, निखिल पुजारी, कमलजित सिंग हे सगळे इथून तिथे गेले. आता तीच जागा तिसऱ्या शहरात पोचली आहे आणि तिन्ही शहरांतल्या प्रेक्षकांना कुणी एका शब्दाने विचारलेलं नाही.

कागदावर पुण्याचा क्लब बंद झाला आणि हैदराबादचा नवीन निघाला, हे मला माहीत आहे. हे मला कुणी समजावू नये. ज्या खेळाडूंची नावं आम्ही बालेवाडीत घसा बसेपर्यंत ओरडलो, ते दोन महिन्यांनी टीव्हीवर पिवळ्या जर्सीत दिसले. प्रेक्षकाला कागद दिसत नाही, माणसं दिसतात.

मी मूळचा कोल्हापूरचा. नोकरीसाठी चिंचवडला आलो आणि इथलाच झालो. कोल्हापुरात वाढलेल्या माणसाला संघ म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार, शिवाजी तरुण मंडळ. शाहू स्टेडियमवर यांचा सामना असला की अर्धं शहर तिकडे. ते संघ पेठेचे आहेत, तालमीचे आहेत. पैसेवाला कितीही मोठा असो, पाटाकडील तालीम विकत घेऊन दुसऱ्या राज्यात नेण्याचा विचारही त्याच्या डोक्यात येणार नाही. पुण्यात आल्यावर मला ती गोष्ट मिळत नव्हती. ती बालेवाडीत मिळाली. पहिल्याच मोसमात फ्रान्सचा विश्वविजेता दाविद त्रेझेगे आपल्या डोळ्यांसमोर खेळतोय यावर माझा विश्वास बसत नव्हता. पण त्रेझेगे एका मोसमात गेला आणि आम्ही राहिलो. ऑरेंज आर्मी म्हणवणाऱ्या आमच्या प्रेक्षकांच्या गटातली पोरं, त्यांचे ढोल, आयटीतून थेट लॅपटॉपची बॅग घेऊन येणारे, भोसरी-चाकणहून पाळी संपवून येणारे. आडनाव न विचारता माणसं वर्षानुवर्षं शेजारी बसली.

७ मार्च २०१८. पुणे पहिल्यांदा उपांत्य फेरीत. बालेवाडीत बंगळुरूशी ०-० अशी बरोबरी झाली आणि आम्ही परतीच्या सामन्याला रात्रीच्या बसने बंगळुरूला गेलो. तिथे सुनील छेत्रीने तीन गोल केले, आम्ही ३-१ असे हरलो. आमच्या जोनाथन लुकाची फ्री किक आत गेली तेव्हा त्या परक्या स्टेडियममध्ये आम्ही मूठभर लोक रडत होतो. ही माझी गुंतवणूक आहे, साहेब. ताळेबंदात ती कुठल्याच रकान्यात बसत नाही, म्हणून ती नव्हतीच असं मालक धरून चालतात. आणि सरकारही तसंच धरून चाललं, याचा मला जास्त राग आहे.

संघ जाणार अशी कुजबुज होती, पण अधिकृतपणे आम्हाला कुणी काही सांगितलं नाही. मी एका सरकारी कार्यालयात अर्ज घेऊन गेलो. टेबलामागच्या गृहस्थांनी तो वाचलाही नाही. ‘खाजगी कंपनीचा विषय आहे, आमचा संबंध नाही’ म्हणाले आणि अर्ज परत सरकवला. घरी येऊन लेकीला काय सांगायचं ते मला सुचेना. ती तेव्हा चौथीत होती आणि तिने विचारलं, आपण काही चुकीचं केलं का? त्या प्रश्नाचं उत्तर मी अजून शोधतोय आणि ते मला आपल्याकडून हवं आहे. माझा भाचा तेव्हा शहरातल्या एका क्लबच्या वयोगट संघात होता. वरचा दरवाजा बंद झाल्यावर खाली शिकणाऱ्या पोरांनी कुणाकडे बघून खेळायचं? त्याने वर्षभरात बूट काढून ठेवले आणि आता तो पार्सल पोचवण्याचं काम करतो. कामाला कमीपणा नाही, पण त्याच्या डाव्या पायाची किक ज्यांनी पाहिली आहे त्यांना विचारा.

‘आमचा संबंध नाही’ हे वाक्य मला त्या दिवसापासून टोचतंय, कारण ते खोटं आहे. बालेवाडीचं संकुल १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभं राहिलं आणि २००८ च्या राष्ट्रकुल युवा स्पर्धांसाठी त्यावर पुन्हा खर्च झाला. दोन्ही वेळा पैसा जनतेचा. मैदान तुमचं, भाडेकरार तुमचा, बंदोबस्त तुमच्या पोलिसांचा. एवढं सगळं देताना ‘जाताना शहराला काय उत्तर द्याल?’ ही एक अट करारात घालता आली नाही? साधा भाडेकरूसुद्धा महिनाभर आधी कळवून घर सोडतो.

त्याच २०१९ च्या उन्हाळ्यात दिल्ली डायनामोज हा संघ दिल्लीतून भुवनेश्वरला गेला आणि ओडिशा एफसी झाला. म्हणजे दिल्लीचेही प्रेक्षक तेव्हा आमच्यासारखेच वाऱ्यावर पडले होते. पण ओडिशा सरकारचं वागणं बघा. त्यांनी स्टेडियम दिलं, पाठबळ दिलं, संघ आपल्याकडे आणला. एक राज्य सरकार खटपट करून संघ आणतं, आणि जवळजवळ त्याच आठवड्यांत महाराष्ट्राच्या हातून संघ निसटतो आणि मंत्रालयात कुणाची झोप मोडत नाही. ओडिशापेक्षा आपण गरीब आहोत का?

आणि हा एकच संघ नाही. २०१४-१५ च्या मोसमात पुण्यात देशपातळीवर खेळणारे तीन फुटबॉल संघ होते: पुणे एफसी, भारत एफसी आणि एफसी पुणे सिटी. पुणे एफसीने २०१२-१३ मध्ये आय-लीगमध्ये, म्हणजे तेव्हाच्या देशातल्या सर्वोच्च लीगमध्ये, दुसरा क्रमांक मिळवला होता. भारत एफसी एका मोसमात संपला. पुणे एफसी संपला. मग डीएसके शिवाजियन्स आले, तेही दोन मोसम आय-लीग खेळून २०१७ मध्ये गेले. २०१९ संपताना वरच्या पातळीवर पुण्याचं नाव लावणारा एकही संघ उरला नव्हता. पाच वर्षांत चार क्लब. एखाद्या तालुक्यातले चार कारखाने पाच वर्षांत बंद पडले असते तर विधानसभेत लक्षवेधी लागली असती, समिती नेमली गेली असती. इथे कुणी साधं ‘का?’ असंही विचारलं नाही.

‘मुंबईचा संघ आहे ना, त्याला पाठिंबा द्या’ असं मला लोक सांगतात. अंधेरीला आठवड्याच्या मधल्या दिवशी रात्री सामना बघून सकाळच्या पाळीला चिंचवडला कसं पोचायचं, ते त्यांनी सांगावं. आणि वेळेची सोय झाली तरी मन कुठून आणायचं?

क्रिकेटमध्ये वेगळं काय झालं? आयपीएलमधला पुणे वॉरियर्स तीन मोसमांत गुंडाळला. रायझिंग पुणे सुपरजायंटला आयुष्यच दोन वर्षांचं लिहून दिलं होतं, आणि २०१७ ची अंतिम लढत एका धावेने हरून तो संघ संपला. २०१६ मध्ये दुष्काळामुळे उच्च न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे आयपीएल सामने राज्याबाहेर न्यायला सांगितले, पुण्याचे सामने विशाखापट्टणमला गेले. तेव्हा मी एका शब्दानेही कुरकूर केली नाही. लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी जात होतं, तिथे मैदानावर पाणी मारायचं कसं? कारण सांगितलं की प्रेक्षक समजून घेतो. आम्हाला कारण सांगण्याच्या लायकीचं कुणी समजतच नाही, हे दुखणं आहे. आता कबड्डी बघा. पुणेरी पलटण २०२४ मध्ये प्रो कबड्डीचा विजेता. २०२५ चा मोसम विशाखापट्टणम, जयपूर, चेन्नई आणि दिल्लीत झाला. पुण्याच्या नावाचा संघ अंतिम फेरीपर्यंत पोचला आणि ३१ ऑक्टोबरला दिल्लीत दिल्लीकडूनच ३१-२८ असा हरला. पूर्ण मोसमात त्याचा एकही सामना पुण्यात नव्हता. मातीतला खेळ, आपला खेळ, आणि तोही आम्ही मोबाइलवर बघायचा.

हैदराबादच्या लोकांचं मला वाईट वाटतं. आमच्या जागेवर त्यांचा संघ आला म्हणून मी बरीच वर्षं त्यांच्यावर धुमसत होतो, पण त्यांनी काय केलं होतं? २० मार्च २०२२ ला गोव्यात, मडगावच्या फातोर्डा मैदानावर त्यांनी केरळ ब्लास्टर्सला पेनल्टीवर हरवून इंडियन सुपर लीगचा करंडक जिंकला. गोलात गोव्याचाच लक्ष्मीकांत कट्टीमणी, तीन फटके अडवले त्याने. संघात आमच्या कोल्हापूरचा, पुण्यात घडलेला अनिकेत जाधव होता. मी तो सामना पाहिला आणि आनंद झाला की पोटात तुटलं ते कळलं नाही. तो विजेता संघ दोन वर्षांत तळाला गेला, पगार थकल्याच्या बातम्या आल्या, आणि मग संघच शहर सोडून गेला. डेक्कन लीजन म्हणवणारी तिथली पोरं आज त्याच जागी उभी आहेत जिथे आम्ही २०१९ मध्ये होतो. करंडक जिंकूनसुद्धा संघ राहत नसेल तर प्रेक्षकाने आणखी काय करायचं?

जगात यावर उपाय निघाले आहेत. १९९५ मध्ये अमेरिकेत ओहायो राज्यातल्या क्लीव्हलंडचा ब्राउन्स हा अमेरिकन फुटबॉलचा संघ मालकाने बाल्टिमोरला न्यायचं ठरवलं, तेव्हा शहराने भांडून नाव, रंग आणि इतिहास स्वतःकडे ठेवून घेतला, आणि १९९९ मध्ये त्याच नावाने संघ पुन्हा उभा राहिला. लगेच १९९६ मध्ये ओहायो राज्याने कायदा केला: जनतेच्या पैशातून मदत घेतलेल्या संघाला जायचं असेल तर सहा महिने आधी नोटीस द्यावी लागेल आणि स्थानिकांना संघ विकत घेण्याची संधी द्यावी लागेल. २०१८ मध्ये त्याच कायद्याचा आधार घेऊन राज्य सरकार कोर्टात गेलं आणि कोलंबसचा फुटबॉल संघ कोलंबसमध्ये राहिला. सरकार कोर्टात गेलं, साहेब, प्रेक्षकांच्या बाजूने. इंग्लंडमध्ये २००२ मध्ये विम्बल्डनचा फुटबॉल क्लब मिल्टन कीन्सला हलवायला तीन माणसांच्या समितीने परवानगी दिली. प्रेक्षकांनी स्वतःचा नवा क्लब काढला, २०११ मध्ये तो व्यावसायिक लीगमध्ये पोचला आणि २०२० मध्ये आपल्या जुन्या वस्तीत, प्लाउ लेनला परतला. २०२५ मध्ये तर तिथे कायदाच झाला. आता नियामकाच्या मंजुरीशिवाय क्लबला घरचं मैदान सोडता येत नाही.

२०२५ मध्ये आपल्याकडेही संसदेने राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा केला. महासंघ, निवडणुका, न्यायाधिकरण, सगळं आहे त्यात. तिकीट काढून येणाऱ्या माणसाला त्यात मला कुठे जागा सापडली नाही. या देशाच्या क्रीडा व्यवस्थेत प्रेक्षक हा टाळ्या वाजवण्यापुरता आहे. १४ डिसेंबर २०२५ ला वानखेडेवर मेस्सी आला, त्याच्या साक्षीने राज्य सरकारच्या ‘महादेवा’ उपक्रमाचा सोहळा झाला. १३ वर्षांखालची मुलं-मुली हेरून घडवणार, उत्तम, माझा त्याला मनापासून पाठिंबा आहे. पण ती मुलं अठराची होतील तेव्हा खेळणार कुणाकडून? सोहळ्याला सरकार असतं, संघ बुडताना सरकार नसतं. २०२१ मध्ये याच बालेवाडीत नेत्यांच्या गाड्या ॲथलेटिक्सच्या ट्रॅकवर उभ्या राहिल्या आणि ओरड झाल्यावर क्रीडा आयुक्तांनी दिलगिरी व्यक्त केली. मैदान नेमकं कुणासाठी आहे, हे त्या फोटोंत दिसलं होतं. आम्ही पाण्याची बाटली आत न्यायची तर झडती होते.

माझं मागणं लांबलचक नाही. राज्याच्या मालकीचं कुठलंही मैदान कुठल्याही व्यावसायिक संघाला देताना करारातच लिहा की शहर सोडायचं असेल तर सहा महिने आधी जाहीर नोटीस द्यावी लागेल, त्या शहरात उघड सुनावणी घ्यावी लागेल, आणि स्थानिक खरेदीदार किंवा प्रेक्षकांची संस्था पुढे आली तर पहिला हक्क तिचा राहील. नाव, रंग आणि बोधचिन्ह शहरात राहील. वयोगट संघातल्या मुलांची पुढची सोय झाल्याशिवाय अनामत रक्कम परत मिळणार नाही. यासाठी दिल्लीची परवानगी लागत नाही, घटनादुरुस्ती लागत नाही. मैदानाचा मालक म्हणून आपल्या खात्याला हे उद्या सकाळी करता येतं.

या पत्राला लेखी उत्तर द्या. २०१४ ते २०१९ चा बालेवाडीचा भाडेकरार जनतेसमोर ठेवा आणि त्यात शहराच्या हिताचं एखादं कलम होतं का ते आम्हाला वाचू द्या. होतं तर ते वापरलं का नाही, आणि नव्हतं तर सही कुणाची आहे, एवढं कळलं पाहिजे.

आपला,
ऑरेंज आर्मीतला एक प्रेक्षक, चिंचवड