मालकाची मागणी आणि घराची किंमत

मु. पो. नंदोरी, ता. समुद्रपूर, जि. वर्धा

चि. मेघा हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

हिंगणघाटच्या घराविषयीचे तुझे पत्र मिळाले. १,५०० वर्ग फुटांचा प्लॉट, त्यावर १,००० वर्ग फुटांचे १८ वर्षांचे बांधकाम आणि मालकाची मागणी ४२ लाख रुपये. ही मागणी रास्त आहे असे म्हणताना तू तीन आधार दिले आहेस. सरकारी दराने ३६ लाख येतात आणि बाजारभाव त्याहून जास्तच असतो, बँकेने कर्ज मंजूर केले आहे, आणि मालकाने अलीकडेच घरावर आठ-नऊ लाख खर्च केले आहेत. पटवारी म्हणून नोकरी करताना हेच तीन आधार मी कितीतरी खरेदीदारांच्या तोंडून ऐकले आहेत, आणि त्यांतला एकही किंमत ठरवण्यासाठी केलेला नाही.

आधी सरकारी दर घेऊ. रेडी रेकनरचा तक्ता मुद्रांक शुल्क आकारण्यासाठी असतो. त्यात एका विभागातल्या सगळ्या प्लॉटना ढोबळमानाने एकच दर लागतो. मग त्यातला एखादा रुंद रस्त्यावर असो की नाल्याच्या काठी. शिवाय तो दर बाजाराबरोबर हलतोच असे नाही. २०२३ आणि २०२४ या दोन्ही वर्षी तो वाढवला गेला नव्हता, तरी व्यवहार चालूच होते. आपल्याकडे कापसाचा हमीभाव एक असतो आणि बाजार समितीत गाडी उभी राहिल्यावर व्यापारी मोजतो तो भाव वेगळा, कधी वर तर कधी खाली. रेडी रेकनरचेही तसेच आहे. त्यामुळे बाजारभाव नेहमी जास्तच असतो, हे गृहीतच चुकीचे आहे. मात्र तुला त्या दराचा एक परिणाम सोसावा लागेल. घर ३४ लाखांत मिळाले तरी मुद्रांक शुल्क ३६ लाखांवरच भरावे लागेल, कारण दोन्हींपैकी जास्त रकमेवर ते आकारले जाते. खरेदी फक्त महिलेच्या नावे असेल तर घराच्या शुल्कात एक टक्का सवलत आहे, म्हणून खरेदीखत तुझ्या एकटीच्या नावे करावे असे मला वाटते. जावईबापूंशी मी बोलेन.

बँकेचे थोडक्यात सांगतो. मंजुरीपत्रातली रक्कम प्रामुख्याने तुझा पगार आणि परतफेडीची क्षमता पाहून ठरली आहे. ३० ते ७५ लाखांच्या कर्जात बँकेला घराच्या मूल्याच्या ८० टक्क्यांहून जास्त रक्कम देता येत नाही, म्हणजे भाव पडला तरी आपले पैसे बुडू नयेत एवढी जागा तिने स्वतःसाठी राखून ठेवलेली असते. तुझ्यासाठी अशी जागा कोणीही राखलेली नाही.

आता मुख्य गोष्ट. घर म्हणजे जमीन आणि बांधकाम अशा दोन वस्तू आहेत, आणि त्यांची किंमत एकत्र धरली की खरेदीदार हमखास फसतो. जमिनीचा भाव वाढू शकतो. बांधकाम मात्र पहिल्या दिवसापासून जुने होत जाते. त्या भागात जमीन १,४०० रुपये वर्ग फुटाने जाते असे तूच लिहिले आहेस, तर प्लॉटचे २१ लाख झाले. आज तसेच घर बांधायला १,८०० रुपये वर्ग फूट धरले तर १८ लाख लागतील. पण स्लॅबच्या घराचे आयुष्य ६० वर्षे धरले तर त्यातली १८ वर्षे संपली आहेत, म्हणून ५ लाख ४० हजार वजा कर. एकूण ३३ लाख ६० हजार होतात. मागणी आणि हा आकडा यांच्यातला फरक म्हणजे जवळजवळ मालकाने केलेला खर्चच आहे. पीओपीचे छत, ग्रॅनाइटचा ओटा, भिंतीतली कपाटे ही त्याच्या हौसेची होती. त्यांतली जी तू एरवीही करून घेतली असतीस, तिचे आजच्या स्थितीतले पैसे दे. बाकीचे त्याचे त्याने सोसावे.

१,४०० चा दर मात्र दलालाच्या सांगण्यावरून घेऊ नकोस. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर आजूबाजूच्या व्यवहारांची सूची दोन, म्हणजे नोंदणी झालेल्या दस्ताचा गोषवारा, पाहता येते, त्यात दस्तात दाखवलेला मोबदला असतो. काही जण दस्तात कमी रक्कम दाखवतात, म्हणून एकाच दस्तावर विसंबू नये. गेल्या वर्ष-दीड वर्षातले चार-पाच दस्त पाहून शेजाऱ्यांकडेही चौकशी करावी.

रंग नवा आहे, भिंतीला एकही तडा नाही, असे तू कौतुकाने लिहिले आहेस. मला त्या नव्या रंगाचीच शंका येते. आपली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. पाया मुरमापर्यंत नेलेला नसेल तर घर दरवर्षी या हालचालीबरोबर हलते. खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरप्या जाणाऱ्या भेगा, ठरावीक ऋतूतच अडकणारे दार, अंगणाच्या फरशीचा उंचवटा ही त्याची लक्षणे आहेत. कपाटांच्या मागची भिंत आणि जिन्याखालची जागा पाहा, कारण तिथे रंगारी सहसा पोहोचत नाही. पाया किती खोल नेला होता हे ज्या मिस्त्रीने घर बांधले त्याला विचार. वणा नदीचे पाणी त्या गल्लीत कधी शिरले होते का, हेही शेजारच्या म्हाताऱ्या माणसांनाच विचारावे. मालक सांगणार नाही. पाया कच्चा निघाला तर माझ्या हिशेबातले बांधकामाचे १२ लाख ६० हजार फार मोठ्या प्रमाणात कमी कर, कारण अशी दुरुस्ती खर्चिक असते आणि तिचा भरवसाही नसतो.

कागदपत्रांचाही किमतीशी थेट संबंध आहे. शेजारची दोन घरे दिसायला सारखी असली तरी एकाचा लेआउट मंजूर आणि जमीन अकृषिक, तर दुसरे गुंठेवारीत, म्हणजे मंजुरीविना पाडलेल्या लहान तुकड्यावर असू शकते. २००१ च्या गुंठेवारी कायद्यात पुढे दुरुस्ती होऊन ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची बांधकामे नियमित करण्याची सोय झाली आहे, पण तसा आदेश प्रत्यक्ष हातात असल्याखेरीज त्याचा उपयोग नाही. जागा नझूलची, म्हणजे सरकारने भाडेपट्ट्याने दिलेली असेल तर पट्ट्याची मुदत आणि शर्ती वाचून घे. आखीव पत्रिकेवर, म्हणजे प्रॉपर्टी कार्डावर, आजच्या मालकाचेच नाव आहे ना, वारसांपैकी कोणाची सही राहिली आहे का, हेही पाहा. यांतले काही अपुरे असेल तर बँक मागे हटते, उद्या तुला विकायचे झाल्यास गिऱ्हाईक मोजकेच मिळते, आणि म्हणून आजच भाव कमी व्हायला हवा. नगर परिषदेची कराची पावती दाखवून कोणी मालकी सिद्ध झाली असे म्हणेल, तर तेवढ्यावर मुळीच समाधान मानू नकोस.

समृद्धी महामार्गामुळे सगळीकडचे भाव दुप्पट होणार, हे वाक्य दलालाने तुलाही ऐकवले आहे. हिंगणघाटला ४४ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग आणि रेल्वे आधीपासून आहेत, आणि त्यांचा जो लाभ व्हायचा तो आजच्या दरात धरलेलाच आहे. उद्या होणाऱ्या वाढीचे पैसे आजच मालकाला द्यायचे कारण मला दिसत नाही.

इसार इतक्यात देऊ नकोस. आधी आखीव पत्रिका, मंजूर नकाशा आणि मागच्या खरेदीखताची प्रत मला पाठव. मी त्या इथल्या वकिलांना दाखवतो. ३२ लाखांपासून बोलणी सुरू कर आणि ३४ च्या वर जाण्याआधी मला फोन कर. इसारपावती करायची वेळ आलीच, तर कागदपत्रांत दोष निघाल्यास संपूर्ण रक्कम परत मिळेल ही अट तीत लिहून घे.

तुझे बाबा