गंडगायच्या आजोबांना, सांगलीच्या पोरीकडून थँक्यू

आजोबा, हे मराठीत लिहितेय, तुम्हाला ओ की ठो कळणार नाही माहितीये, पण आमच्या लोकांनीही वाचावं म्हणून. तुमच्यासाठी इंग्लिशमध्ये वेगळं पोस्टाने येतंय.

तर मंडळी, आम्ही सिडनीहून मेलबर्नला निघालो होतो आणि ह्यूम हायवेवर गाडीने दम टाकला. बॉनेटमधून वाफ, रविवार, मदतीच्या नंबरवर फोन केला तर म्हणे चार तास लागतील. बोर्डावर गंडगाय वाचून लेक आधीच "आई, गाय!" करत हसत होती आणि मला रडू फुटायच्या बेतात होतं. तेवढ्यात एक जुना यूट (मागे उघडा हौदा असलेली पिकअप गाडी) थांबला. आजोबा उतरले, पाईप बघितला, "ही आज चालायची नाही" म्हणाले आणि दोर बांधून सरळ गावात ओढून नेली. ओळखीच्या मेकॅनिकला त्याच्या घरून उठवून आणलं. आजींनी चीज टोस्टी केल्या, आम्ही मांस खात नाही म्हटल्यावर हॅम बाजूला काढून परत नव्याने केल्या!

आजोबांनी विचारलं, गाव कुठलं? म्हटलं, नदीकाठचं, दर काही वर्षांनी पूर येतो. "मग चला" म्हणाले आणि शेरिडन स्ट्रीटवरच्या ब्राँझच्या पुतळ्यांपुढे नेऊन उभं केलं. यारी आणि जॅकी जॅकी, दोघे विराजुरी, म्हणजे तिथल्या मूळ आदिवासी लोकांपैकी. जून 1852 मध्ये मरंबिजी नदी चढली, गाव जेमतेम अडीचशे माणसांचं, त्यातली ऐंशीच्या आसपास गेली. इथे घरं बांधू नका म्हणून विराजुरी लोकांनी आधीच बजावलं होतं, ऐकलं कुणी नाही. तरी हेच दोघे रात्री-अपरात्री पाण्यात उतरले, यारीची होडी झाडाच्या सालीची, त्यात एका खेपेला एकच माणूस मावायचं. दोघांनी मिळून सुमारे 69 जणांना झाडांवरून, छपरांवरून काढलं. नंतर गाव वर टेकडीच्या उतारावर हलवलं. आणि पुतळा कधी, तर 2017 ला! 165 वर्षांनी. आजोबा एवढंच म्हणाले, "उशीर झाला आम्हाला." मग जुनं गाव होतं ती सखल जागा दाखवली, आता नुसतं मोकळं गवत. तिथला जुना लाकडी पूल पाडला त्याचा राग अजून गेला नाहीये त्यांचा, त्यावर अर्धा तास ऐकलं मी, खोटं कशाला बोलू :)

लेकीला मात्र जेवणाच्या डब्यावर बसलेला कुत्राच बघायचा होता. गावापासून पाच मैलांवरचा तो पुतळा, 1932 ला चक्क पंतप्रधान लायन्स उद्घाटनाला आलेले. गाडी दुरुस्त होईपर्यंत यूटमधून तिथेही नेऊन आणलं.

पैसे विचारले तर आजोबा म्हणाले, तुमच्या नदीवरच्या पुलाचा फोटो पाठवा, बास.

तर आजोबा, आयर्विन पुलाचे दोन फोटो पाठवतेय. पूल 1929 चा, म्हणजे तुमच्या कुत्र्याहून तीन वर्षांनी मोठा. एक फोटो उन्हाळ्यातला, एक 2019 च्या पुरातला. पुलाच्या पातळीचे आकडे आम्ही फुटांत सांगतो, पावसाळ्यात आमच्याकडे सकाळी उठल्यावर चहाच्या आधी तेच विचारतात. आजींना नमस्कार. टोस्टीत कांदा घालून बघा म्हणावं.