पिंजऱ्यात बेशुद्ध पडलेल्या पोराची नोंद सरकारने ठेवावी

प्रति,
मा. क्रीडा व युवक कल्याण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : एमएमएच्या (मिक्स्ड मार्शल आर्ट्स) व्यावसायिक लढतींतील खेळाडूंची वैद्यकीय नोंद ठेवण्याबाबत.

महोदय,
सप्रेम नमस्कार.

मी नाशिकला पंचवटीत पोरांना कुस्ती शिकवतो. तालमीत नव्याने येणाऱ्या पोराला काय व्हायचंय विचारलं, तर उत्तर ठरलेलं असायचं : महाराष्ट्र केसरी. २०२० साली नाशिकच्या हर्षवर्धन सदगीरने बालेवाडीत गदा उचलली, तेव्हा तर हे वेड आणखी वाढलं. आता त्याच्या जोडीला दुसरं उत्तर ऐकू येतं, एमएमए. पिंजऱ्यातली लढत. ठोसे, लाथा, कुस्ती, गळा आवळणं, सगळं चालतं आणि टीव्हीवर, मोबाइलवर थेट दिसतं. जून २०२४ मध्ये मुझफ्फरनगरच्या पूजा तोमरने यूएफसी या एमएमएच्या मोठ्या अमेरिकन स्पर्धेत लढत जिंकली. तिथे जिंकणारी ती पहिली भारतीय महिला. तिच्यानंतर पोरीही चौकशी करायला लागल्या. २०२६ च्या आयची-नागोया आशियाई स्पर्धेसाठी तर हा खेळ पदकांच्या यादीत घेतला गेला.

या खेळावर बंदी घाला, असं सांगायला मी लिहीत नाही. पट काढता येणारा, म्हणजे पाय धरून समोरच्याला पाडता येणारा, कमरेत जोर असलेला पैलवान पिंजऱ्यात भारी पडतो. दागेस्तानचा खबीब नुरमागोमेदोव्ह कुस्तीच्याच बळावर २९ लढती जिंकून, एकही न हरता निवृत्त झाला. आमच्या पोरांनी तिथे जावं, नाव कमवावं, घरी चार पैसे आणावेत, असं मला मनापासून वाटतं. माझी मागणी एवढीच आहे : डोक्याला मार बसून ज्याची लढत थांबवावी लागली, त्या खेळाडूची नोंद सरकारदरबारी झाली पाहिजे आणि ती नोंद तपासल्याशिवाय कुठल्याही आयोजकाने त्याला पुन्हा उतरवता कामा नये.

ही मागणी का करतोय ते सांगतो. आमच्याकडचा एक पोरगा अंबडला कंपनीत शिफ्ट करतो आणि संध्याकाळी तालमीत येतो. तो दुसऱ्या शहरात अशा एका टीव्हीवरच्या कार्यक्रमात लढला. नाव ६१ किलोच्या गटात, अंगचं वजन त्याहून बरंच जास्त. शेवटचे दोन दिवस त्याने पाणी जवळजवळ तोडलं. भर उन्हात प्लॅस्टिकचं जर्किन घालून धावला, रात्री गरम पाण्यात बसला, शेवटी बाटलीत थुंकत राहिला. काट्यावर उभा राहिला तेव्हा त्याचे ओठ पांढरे पडले होते आणि समोर कॅमेरे होते. दुसऱ्या दिवशी लढत. दुसऱ्या फेरीत हनुवटीवर ठोसा बसला. शुद्धीतला माणूस पडताना हात पुढे करतो. याचे हात तसेच लोंबत राहिले आणि तोंड सरळ मॅटवर आपटलं. पंचाने लगेच मध्ये पडून लढत थांबवली. पडद्यावर तेच दृश्य सावकाश करून पुन्हा पुन्हा दाखवलं. डॉक्टरांनी डोळ्यांत बॅटरी मारली, नाव विचारलं, कागदावर सही घेतली. झालं.

रात्रीच्या गाडीने परत निघालो. कसारा घाटात त्याला उलट्या झाल्या. ‘वस्ताद, आपण कुठून येतोय?’ हे त्याने इगतपुरी येईपर्यंत कितीदा तरी विचारलं. उत्तर दिलं की मान हलवायचा आणि थोड्या वेळाने पुन्हा तेच. नाशिकला उतरलो तसे थेट दवाखाना गाठला, सीटी स्कॅन केला. सुदैवाने डोक्यात रक्तस्राव नव्हता. बिल तालमीतल्या लोकांनी वर्गणी काढून भरलं.

पंधरवडाही झाला नसेल, दुसऱ्या एका आयोजकाचा फोन आला. एक खेळाडू ऐनवेळी गळालाय, तुमचा पोरगा वजनात बसतो का? आधीची लढत साऱ्यांनी पाहिलेली, तरी डोकं कसं आहे, हे त्याने विचारलं नाही. मी नाही म्हटलं. पोरगा माझ्यावर रुसला, कारण बहिणीचं लग्न तोंडावर होतं. पण ज्याला वस्ताद नाही, जो मोबाइलवर डाव पाहून आणि एखाद्या जिममध्ये घाम गाळून शिकला, त्याच्या वतीने नाही कोण म्हणणार?

डॉक्टर मंडळी सांगतात, पहिल्या माराने हललेला मेंदू सावरायच्या आत दुसरा मार बसला, तर मेंदूला झपाट्याने सूज येऊन जीव जाऊ शकतो, आणि तो दुसरा मार हलकाही असू शकतो. स्कॅन स्वच्छ आला म्हणजे मेंदू सावरला, असंही नसतं. त्यात हे हातमोजे चार औंसांचे, म्हणजे सव्वाशे ग्रॅमच्याही आतले. पाणी तोडण्याचा धोका वेगळाच. डिसेंबर २०१५ मध्ये चीनचा यांग जियान बिंग हा २१ वर्षांचा खेळाडू मनिलात वजन उतरवतानाच गेला, लढतीच्या आधी. त्यानंतर ती लढत भरवणाऱ्या वन चॅम्पियनशिप या संघटनेने पाणी तोडून वजन उतरवायला मनाई केली. आपल्याकडची गोष्ट पाहा. जुलै २०२२ मध्ये बेंगळुरूच्या किकबॉक्सिंग स्पर्धेत मैसूरचा २३ वर्षांचा तरुण ठोसा लागून कोसळला आणि दवाखान्यात दगावला. जागेवर वैद्यकीय सोय नव्हती, अशी घरच्यांची तक्रार होती. गुन्हा दाखल झाला तो पोरगा गेल्यावर.

मी मागतोय ते नवं नाही. हौशी बॉक्सिंगमध्ये डोक्याला मार बसून हरलेल्या खेळाडूला किमान ३० दिवस सक्तीची विश्रांती मिळते आणि ती त्याच्या नोंदवहीत चढते. अमेरिकेने व्यावसायिक बॉक्सिंगसाठी १९९६ मध्ये कायदा केला. प्रत्येक बॉक्सरला ओळखपत्र दिलं आणि एका राज्याने वैद्यकीय कारणावरून थांबवलेल्याला दुसऱ्या राज्यात उतरायला बंदी घातली. यूएफसी १९९३ मध्ये सुरू झाली तेव्हा वजनाचे गटसुद्धा नव्हते. लोक त्याला माणसांची कोंबडझुंज म्हणत. नियम आले, राज्यांचे आयोग आले, तेव्हा तो खेळ म्हणून उभा राहिला.

आपल्याकडे असा कार्यक्रम घ्यायचा तर पोलिसांचा परवाना, अग्निशमन दलाचा दाखला, लाउडस्पीकरची परवानगी, सगळं लागतं. या खेळाडूला शेवटचा मार कधी बसला, हा प्रश्न मी पाहिलेल्या एकाही अर्जात नव्हता. तो प्रश्न परवान्यातच घाला. पिंजऱ्याशेजारचा डॉक्टर आयोजकाच्या पाकिटावर बसलेला नको, जिल्हा शल्यचिकित्सकांनी नेमलेला हवा आणि त्याचा शब्द शेवटचा हवा. रुग्णवाहिका शेवटची लढत संपेपर्यंत हलता कामा नये. यातलं एखादं लगेच जमणार नसेल तर मागेपुढे होऊ द्या, पण नोंदवही आधी सुरू करा. तिला इमारत लागत नाही. क्रीडा संचालनालयाच्या संकेतस्थळावर एक यादी, खेळाडूचा क्रमांक आणि तो कुठल्या तारखेपर्यंत थांबवला आहे, एवढं पुरे.

नाशिकलाही पिंजरा लावून टीव्हीवरचा कार्यक्रम घ्यायची बोलणी सुरू असल्याचं तालमीत कानावर येतंय. तो व्हावा, हिरावाडीच्या विभागीय क्रीडा संकुलात व्हावा, मी पोरं घेऊन येईन. त्याआधी ही यादी सुरू झाली, तर आमच्या पोराचं नाव, लढतीची तारीख आणि स्कॅनचे कागद मी स्वतः जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या कार्यालयात आणून देतो. त्याचं नाव त्यात पहिलं लिहा.

कळावे,
आपला,
पंचवटीतील एका तालमीचा वस्ताद,
नाशिक.