‘रेग्युलेटेड’ म्हणून विकलेल्या एअर रायफलीत रेग्युलेटर नसल्याबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : ४.५ मि.मी. पीसीपी एअर रायफल – रेग्युलेटरबाबत लेखी खुलासा आणि रायफल बदलून मिळणे अथवा पैसे परत मिळणे

महोदय,

चवथीच्या आधी मी माझ्या मुलीसाठी आपल्या कंपनीची पीसीपी (आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणारी) रायफल घेतली. ती दहा मीटर एअर रायफल खेळते. आजवर रेंजवरच्या सामाईक रायफलीवर सराव करायची. ही तिची स्वतःची पहिली. खोक्यावर, जाहिरातीत आणि वॉरंटी कार्डावरही ‘रेग्युलेटेड’ असे छापले आहे. रेग्युलेटर नसलेली रायफल याहून बरीच स्वस्त मिळत होती. ती सोडून आम्ही ही घेतली, ती केवळ रेग्युलेटरसाठी, म्हणजे प्रत्येक छर्रा सारख्याच दाबाच्या हवेने सुटावा यासाठी. आमच्या हाती आलेल्या रायफलीत रेग्युलेटर नाही, किंवा असला तरी तो काम करत नाही, अशी माझी तक्रार आहे. आपल्याकडून आलेल्या एकाही उत्तरात ‘आहे’ किंवा ‘नाही’ असे स्पष्ट म्हटलेले नाही, म्हणून कारणांसह लिहीत आहे.

आपले पहिले उत्तर असे होते की, रायफलीला गेज आहे, त्याअर्थी रेग्युलेटर आहे. हे खरे नाही. रायफलीवरचे एकमेव गेज सिलिंडरातला दाब दाखवते, आणि असे गेज रेग्युलेटर नसलेल्या पीसीपीलाही असतेच, नाहीतर माणूस हवा भरणार कशी? रेग्युलेटरनंतरचा दाब दाखवणारे गेज वेगळे असते. दोन गेज असतील तर रेग्युलेटर असण्याची शक्यता मोठी. एकच असेल तर त्यावरून दोन्हीपैकी काहीच ठरत नाही, कारण रेग्युलेटर असूनही एकच गेज असलेल्या रायफली बाजारात आहेत. म्हणून मी गेजवर विसंबलो नाही.

मी डिचोलीच्या औद्योगिक वसाहतीत देखभाल विभागात काम करतो. दाबाखालची हवा, व्हॉल्व्ह, ओ-रिंग हा माझा रोजचा विषय आहे. घरच्या गॅस सिलिंडरवरचा रेग्युलेटर जे करतो तेच रायफलीतलाही करतो : मागे दाब कितीही असो, पुढे ठरलेला तेवढाच सोडायचा. त्यामुळे तो काम करतो की नाही हे ओळखण्याची खात्रीची रीत म्हणजे क्रोनोग्राफ (छर्र्याचा वेग मोजणारे यंत्र) लावून, मध्ये हवा न भरता, सिलिंडर उतरेपर्यंत प्रत्येक छर्र्याचा वेग क्रमाने लिहून ठेवणे. रेग्युलेटर असेल तर गेजचा काटा खाली येत असतानाही वेग जवळपास एकाच आकड्यावर टिकतो, आणि सिलिंडरातला दाब रेग्युलेटरच्या ठरवलेल्या दाबाखाली गेला की मगच उतरू लागतो. रेग्युलेटर नसेल तर चित्र वेगळे दिसते. भरलेल्या सिलिंडरातली हवा व्हॉल्व्हला इतक्या जोराने दाबून धरते की हॅमरच्या (घोडा दाबल्यावर व्हॉल्व्हवर आदळणाऱ्या भागाच्या) फटक्याने तो पुरेसा उघडत नाही, आणि छर्रा हळू जातो. दाब उतरत जातो तसा व्हॉल्व्ह जास्त उघडतो आणि वेग चढतो. पुढे दाबच कमी पडू लागला की वेग पुन्हा उतरतो.

आमच्या रायफलीत नेमके हे दुसरे चित्र दिसले. २०० बारला (बार हे दाबाचे एकक) वेग सेकंदाला १५८ मीटर, १४० बारच्या आसपास १७६ आणि ९० बारपर्यंत येता येता १६० च्या खाली. पुन्हा हवा भरून मोजले तरी आकडे याच वळणाने गेले. हे सर्व आकडे मी सोबत जोडत आहे.

यावर आपल्याकडून उत्तर आले की, गोव्याच्या दमट हवेमुळे किंवा छर्र्यांच्या वजनातल्या फरकामुळे असे होत असेल. मी हातपंप वापरत नाही. कळंगुटला डायव्हिंगवाल्यांकडे गाळलेली, कोरडी हवा मिळते, ती मी डायव्हिंगच्या सिलिंडरात भरून आणतो. छर्रे एकाच डब्यातले होते आणि सराफाकडच्या काट्यावर तोलून घेतलेले होते. शिवाय छर्र्यांत खोट असती तर वेग कसाही वरखाली झाला असता. प्रत्येक वेळी आधी चढून मग उतरला नसता.

रेग्युलेटर आहे पण बिघडला आहे, ही शक्यताही मी तपासली. रेग्युलेटरची सीट (हवा अडवून धरणारी बैठक) गळत असेल तर रायफल भरून ठेवली की व्हॉल्व्हकडचा दाब हळूहळू चढतो आणि विश्रांतीनंतरचा पहिला छर्रा वेगळ्या वेगाने जातो. रात्रभर भरून ठेवूनही तसा फरक आढळला नाही. रेग्युलेटर पूर्ण उघडा अडकून बसला असेल तर मात्र बाहेरून काही कळणार नाही, हे मला मान्य आहे. पण तोही दोष आपल्याच मालाचा ठरेल.

आपल्या पुस्तिकेतली सुट्या भागांची आकृती मात्र शंकेला फारशी जागा ठेवत नाही. तिच्यात सिलिंडरच्या तोंडापासून हवा सरळ व्हॉल्व्हकडे जाते. मध्ये रेग्युलेटरचा पिस्टन नाही, त्याच्या वाटीसारख्या स्प्रिंग-चकत्यांची चळत नाही, आणि भागांच्या यादीतही तसे काही नाही. रायफल उघडून पाहा, असे आपल्या प्रतिनिधीने फोनवर सुचवले. उघडली की वॉरंटी जाते, असे आपल्याच कार्डावर लिहिले आहे. त्याहून गंभीर म्हणजे, २०० बारला भरलेले यंत्र घरी उघडायला सांगणे धोक्याचे आहे. कृपया हा सल्ला दुसऱ्या कोणत्याही ग्राहकाला देऊ नका.

व्हॉल्व्ह आणि हॅमरची स्प्रिंग जुळवून वेग बराचसा सारखा ठेवता येतो, हे मला ठाऊक आहे. आपण त्यालाच ‘रेग्युलेटेड’ म्हणत असाल तर तसे स्पष्ट लिहा. पण त्यासाठी रेग्युलेटरची किंमत घेऊ नका.

एवढ्याशा फरकाने काय बिघडते, असेही मला विचारले गेले. दहा मीटरच्या लक्ष्यावर दहा गुणांचे वर्तुळ अर्ध्या मिलिमीटरचे असते आणि पुढची वर्तुळे अडीच-अडीच मिलिमीटरवर. १७६ आणि १५८ मीटर वेगाच्या छर्र्यांत दहा मीटरवर केवळ गुरुत्वाकर्षणाने साडेतीन मिलिमीटरांहून जास्त फरक पडतो. म्हणजे नेम तोच, श्वास तोच, घोडा तितक्याच हळुवार दाबलेला, तरी एका वर्तुळाहून जास्त चूक. स्पर्धेत ७५ मिनिटांत ६० छर्रे मारायचे असतात आणि गुण दशांशात मोजतात. माझी मुलगी कित्येक आठवडे स्वतःचीच चूक शोधत राहिली. कधी उभे राहण्याची ढब बदलली, कधी साइट फिरवली, एकदा तर जॅकेटच बदलायचे ठरवले. शिकणाऱ्या मुलीचा स्वतःवरचा विश्वास अशा रायफलीने खचतो. या नुकसानीचे बिल मी आपल्याला लावू शकत नाही, पण या तक्रारीतली मला सर्वांत लागलेली गोष्ट तीच आहे. ही रायफल ४.५ मि.मी. व २० ज्यूलच्या मर्यादेत असल्याने परवान्याशिवाय मिळते, म्हणून गावोगावची मुले हिच्यापासूनच सुरुवात करतात. त्यांच्या आईवडिलांकडे क्रोनोग्राफ नसतो. त्यांना खोक्यावरच्या मजकुरावरच विश्वास ठेवावा लागतो.

माझ्या रायफलीचा क्रमांक बिलाच्या प्रतीवर आहे. त्या क्रमांकाच्या रायफलीत रेग्युलेटर बसवलेला आहे का, आणि असल्यास तो किती बारवर लावलेला आहे, हे मला लेखी कळवावे. नसल्यास पूर्ण रक्कम परत करावी किंवा रेग्युलेटर असलेली रायफल, वेगाच्या मोजणीच्या तक्त्यासह, द्यावी. असूनही बंद असल्यास आपल्या खर्चाने नेऊन दुरुस्त करावी आणि तोच तक्ता सोबत पाठवावा. शिल्लक मालाच्या खोक्यांवरचा आणि जाहिरातीतला मजकूरही वस्तुस्थितीप्रमाणे दुरुस्त करावा.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर (१९१५) तक्रार नोंदवेन. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार ग्राहक जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगाकडे दाद मागता येते, त्यामुळे त्यानंतर पर्वरीच्या उत्तर गोवा जिल्हा आयोगाकडे जाईन.

आपला,
एक ग्राहक
डिचोली, गोवा

सोबत : बिलाची प्रत, खोक्याचे व वॉरंटी कार्डाचे फोटो, पुस्तिकेतील आकृतीची प्रत, वेगाच्या नोंदी